काळ्या मातीत शिसे शोधताना: साडेअकरा हजारांच्या मेटल डिटेक्टरचा हिशेब

दिवाळीनंतर मागवलेला मेटल डिटेक्टर आता आठ महिने वापरून झाला आहे, आणि तो घ्यावा की नाही असे विचारणाऱ्यांना दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे, असे वाटले. धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरच्या शिवारातील आमच्या वडिलोपार्जित शेतात नांगरटीनंतर शिशाच्या गोल गोळ्या वर येतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. वडील त्या दिवळीत टाकून ठेवीत आणि तापीवर मासे धरणारी मंडळी जाळ्याला वजन म्हणून लावण्यासाठी त्यातल्या चार-दोन मागून नेत. शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्या गोळ्या नेमक्या कुठे, किती आणि कोणत्या मापाच्या निघतात याची एक वही करावी, एवढ्याच हेतूने मी हे यंत्र घेतले. सोने शोधण्याचा विचार नव्हता. शेजारच्या बांधावरून मात्र आजही “नाना, सोनं निंघनं का?” एवढाच प्रश्न येतो.

यंत्राचे नाव लिहायचे टाळत नाही. ते मलाच ठाऊक नाही. खोक्यावर एक नाव आहे, दांड्यावरच्या चिकटपट्टीवर दुसरे आहे आणि पुस्तिकेत तिसरेच आहे. हेच यंत्र निरनिराळ्या रंगांत आणि निरनिराळ्या नावांनी ८ ते १५ हजारांपर्यंत विकले जाताना मी नंतर पाहिले, तेव्हा वाचकांनी वर्णनावरूनच ते ओळखावे. तीन तुकड्यांत जोडायचा ॲल्युमिनियमचा दांडा, खाली ताटलीएवढी गोल चकती, वर काट्याचा मीटर, संवेदनशीलता आणि डिस्क्रिमिनेशन (नको तो धातू गाळणे) यांची दोन बटणे, कोपर टेकवायला प्लास्टिकची खोबण, हेडफोनचे भोक आणि ९ व्होल्टचे दोन सेल, एवढाच सगळा संसार आहे. चकती पाण्यात बुडवली तरी चालते. वरचा डबा ओला होऊन चालत नाही, आणि ही गोष्ट पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापली आहे.

आमच्या शेतात गोळ्या का सापडाव्यात, हे थोडक्यात सांगावे लागेल, कारण यंत्राकडून काय अपेक्षा ठेवायची ते त्यावरच ठरते. थाळनेरचा किल्ला तापीच्या उत्तर काठावर, नदी ओलांडण्याच्या उताराशेजारी उभा आहे. फारुकी सुलतानांची सुरुवातीची राजधानी येथेच होती, आणि माळव्यातून सेंधव्याचा घाट उतरून दक्षिणेत शिरणाऱ्याच्या वाटेत हा उतार व हा किल्ला येई. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला, तेव्हा थाळनेरही त्यात गेले. त्याप्रमाणे कंपनीचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप याची फौज २७ फेब्रुवारी १८१८ रोजी येथे पोहोचली, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा याने ताबा देण्यास नकार दिला. दिवसभर तोफा चालल्या. शेवटच्या दरवाजापाशी शरण येण्याची बोलणी चालू असताना, एकमेकांची भाषा न कळल्यामुळे म्हणा किंवा संशयामुळे म्हणा, आत शिरलेल्या इंग्रजांवर वार झाले, त्यात मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर आतल्या सुमारे ३०० अरब शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. थाळनेरच्या शिवारात शिशाची गोळी सापडली की प्रत्येकाला हाच एक दिवस आठवतो. माझेही तसेच झाले होते. ते कुठे चुकले, ते पुढे येईल.

यंत्र मागवण्याआधी मी दोन आठवडे कायदा वाचण्यात घालवले, आणि कोणीही प्रथम तेच करावे. किल्ला, मकबरे किंवा कोणतेही संरक्षित स्मारक यांच्या परिसरात यंत्र फिरवून उकरणे हा छंद नसून गुन्हा आहे. पुरातत्त्वीय उत्खननाला परवाना लागतो आणि तो तुम्हा-आम्हाला छंदासाठी मिळत नाही. स्वतःच्या शेतातही हात मोकळे नाहीत. १८७८ चा भूमिगत निधीचा कायदा अजून लागू आहे, आणि जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे तो सांगतो. भंगारवाला आमच्याकडे शिशाला किलोमागे दीडशे रुपये देतो, म्हणजे ३२ ग्रॅमची एक गोळी पाच रुपयांचीही होत नाही. तिसरी सापडली की मात्र माणूस कायद्याच्या कक्षेत येतो! विनोद बाजूला ठेवला, तरी शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकतात, तेव्हा त्या विकणे, वितळवणे किंवा ‘किल्ल्यावरची गोळी’ म्हणून भेट देणे यांपैकी काहीच करू नये. मी सुरुवातीलाच एक अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवून यादी पाठवत गेलो. अर्जाला उत्तर यायला चार महिने लागले, आणि आलेले उत्तर माझ्या प्रश्नाचे नव्हते. पोच मात्र जपून ठेवली आहे.

आता यंत्राकडे वळतो. चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सतत बदलणारा प्रवाह जातो, त्याने जमिनीतल्या धातूत भोवरे प्रवाह निर्माण होतात, त्यांचा प्रतिसाद दुसरे वेटोळे ऐकते, आणि तो प्रतिसाद किती मोठा व किती उशिरा आला यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. खोक्यावर ‘दीड मीटर खोलीपर्यंत’ असे छापले आहे. हा आकडा लोखंडी पेटीला लागू असेल, गोळीला मुळीच नाही. मी मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून ३० ग्रॅमचे शिशाचे वजन आणले आणि आधी ते लाकडी खाटेवर ठेवून चाचणी घेतली. हवेत यंत्राने ते ७ इंचांवरून ओळखले. तेच वजन शेतातल्या कोरड्या काळ्या मातीत पुरल्यावर ३ इंचांच्या खाली आवाज येईना. पहिल्या पावसानंतर, माती ओलसर असताना, ते ४ इंचांपर्यंत गेले. दीड मीटरचे चार इंच झाले, आणि हा आकडा वाचून ज्यांचा उत्साह मावळला असेल त्यांनी साडेअकरा हजार वाचले असे समजावे.

यात सगळा दोष यंत्राचा नाही. आपली काळी कसदार माती बेसॉल्टपासून झालेली आहे आणि तिच्यात लोहाचे चुंबकीय कण भरपूर असतात. शाळेतला साधा लोहचुंबक कागदात गुंडाळून वाळलेल्या मातीतून फिरवला, तर कागदाला काळी बारीक दाढी फुटते. चकतीला ही सगळी माती म्हणजेच एक पसरट धातू वाटतो, त्यामुळे संवेदनशीलता पूर्ण ठेवली तर यंत्र अखंड किणकिणत राहते आणि ती निम्म्यावर आणली तर खोली जाते. महाग यंत्रांत जमिनीचा हा आवाज वजा करण्यासाठी ‘ग्राउंड बॅलन्स’ नावाची सोय असते, ती या यंत्रात नाही. खानदेशात किंवा दख्खनच्या कोणत्याही काळ्या जमिनीत वापरायचे असेल, तर विकत घेताना पहिला प्रश्न या एका सोयीविषयी विचारावा. बाकी मीटर काट्याचा आहे की आकड्यांचा, हे दुय्यम आहे.

काळ्या मातीची दुसरी खोड इतिहासवाल्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचे सामान त्यांत घरंगळते, पावसाळ्यात ती फुगते आणि आतले पुन्हा वर ढकलते. म्हणजे ही जमीन दर वर्षी स्वतःलाच नांगरते. त्यामुळे ‘इतक्या खोलीवर सापडले म्हणून इतके जुने’ हा तर्क येथे चालत नाही. माझ्या वहीत एकाच वितीच्या खड्ड्यातून निघालेली एक शिशाची गोळी आणि रोटाव्हेटरचा एक नट शेजारी शेजारी नोंदलेले आहेत.

कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्या उपटून झाल्या, की काम सुरू होते. पाऊण एकराच्या तुकड्यात मी दोरी बांधून पाच-पाच फुटांचे पट्टे आखले आणि एकूण १४ सकाळी यंत्र फिरवले. पहिल्या दिवशी यंत्र दर सेकंदाला एकदा ‘टक्’ असा आवाज करू लागले. चकती हवेत धरली तरी तोच आवाज. तासभर बटणे फिरवून झाल्यावर सालदाराच्या मुलाने शांतपणे सांगितले की शेजारच्या वावरातले रानडुकरांसाठीचे झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारे यंत्र, चालू आहे. ते बंद करून घेतले आणि यंत्र शहाणे झाले. विजेच्या मोठ्या तारांखालीही अशीच भुणभुण येते, म्हणून त्या पट्ट्याचा नाद मी सोडून दिला.

शिशाचा आवाज आणि ॲल्युमिनियमचा आवाज या यंत्राला वेगळे करता येत नाहीत, ही त्याची सर्वांत त्रासदायक मर्यादा. कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरचा पातळ पत्रा, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, बियाण्याच्या पाकिटाचे तुकडे, हे सगळे थेट बंदुकीच्या गोळीच्या सुरात बोलतात. डिस्क्रिमिनेशनचे बटण लोखंड गाळते, आणि ते बऱ्यापैकी गाळते, हे कबूल केले पाहिजे. पण ते फार फिरवले तर बारीक गोळ्याही गाळल्या जातात. एकूण ११८ खड्डे मी केले. त्यांतून २१ शिशाच्या वस्तू, बैलाच्या गळ्यातले एक पितळी घुंगरू, १९४० सालचा एक पाव आणा आणि उरलेला सगळा कचरा निघाला. घुंगराचा आवाज इतका मोठा होता की मी गुडघ्यावर बसून फार आशेने उकरले होते.

गोळी हातात येते तो क्षण यंत्राच्या कोणत्याही वर्णनापेक्षा वेगळा असतो. आवाज मधोमध येईपर्यंत चकती उभी-आडवी फिरवायची, त्या जागी बोरूसारखी काडी रोवायची, आणि काडीपासून चार बोटे सोडून खुरप्याने ढेकूळ अख्खे उचलायचे. सरळ मधोमध खुरपे घातले, तर शिसे मऊ असल्याने नवा चरा पडतो. ढेकूळ फोडल्यावर आत पांढरट, खडूसारखी, बोरापेक्षा थोडी मोठी वाटोळी वस्तू दिसते. तळहातावर घेतली की आकाराच्या मानाने ती नको तितकी जड लागते, तेव्हाच खरी खात्री पटते. तो पांढरा थर म्हणजे शिशाचे क्षार. तो विषारी असतो आणि तोच गोळीचे रक्षणही करतो, म्हणून तो ब्रशने घासू नये, लिंबाने तर मुळीच धुऊ नये. मातीपुरते पाण्याने पुसावे, हात साबणाने धुवावेत, आणि लहान मुलांच्या हाती ती देऊ नये. उचलण्याआधी मी दोन बांधांपासूनचे अंतर टेपने मोजून वहीत लिहितो. हे न करता उचललेली गोळी म्हणजे पाच रुपयांचे भंगार, आणि हे माझे मत वाद घातल्याने बदलणार नाही.

सराफाचा काटा आणि शाळेतला जाडी मोजायचा जुना व्हर्नियर घेऊन मी २१ वस्तू मोजल्या. तीन तर भोके पाडलेली जाळ्याची वजनेच होती, आणि पाच चपट्या झालेल्या होत्या. उरलेल्या १३ गोल गोळ्यांपैकी सहा गोळ्या १७.१ ते १७.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३० ते ३२ ग्रॅम वजनाच्या भरल्या. कंपनीच्या शिपायांच्या चकमकी बंदुकीची नळी पाऊण इंचाची, म्हणजे १९ मिलिमीटरची, आणि गोळी मुद्दाम थोडी लहान, साधारण साडेसतरा मिलिमीटरची असे. दारूच्या काजळीने नळी भरली तरी कागदी काडतुसासह गोळी भरभर आत उतरावी, हा त्यामागचा हेतू. सहाही गोळ्या या मापाशी जुळतात. बाकीच्या सात ११ ते १५ मिलिमीटरच्या, एकीचा मेळ दुसरीशी नाही, आणि दोघींवर साच्याच्या जोडाची रेघ व ओतीव शेंडी अजून स्पष्ट दिसते. तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या, बंदुका ज्याच्या त्याच्या मापाच्या असत आणि प्रत्येक जण आपल्या नळीप्रमाणे गोळी ओतून घेई, तेव्हा हा बेमेळ अपेक्षितच आहे. पण त्या अरबांच्या, भिल्लांच्या की नंतरच्या एखाद्या शिकाऱ्याच्या, हे गोळी सांगत नाही. १८५३ नंतरच्या एन्फिल्ड बंदुकीची लांबट, बुडाशी पोकळ गोळी एकही मिळाली नाही.

पाच चपट्या गोळ्या पाहून मी आधी हरखलो होतो. किल्ल्यावरून झाडलेल्या आणि दगडावर आदळलेल्या, असे मी घरी सांगूनही टाकले. नंतर व्हर्नियर बाजूला ठेवून साधा नकाशा पाहिला, तेव्हा लक्षात आले की आमचे शेत किल्ल्यापासून दीड किलोमीटरवर आहे, आणि त्या काळच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे राहत नसे व गोळी काही शे यार्डांत जमिनीवर येत असे. भिंगाखाली पाहिले तर चपट्या बाजूवर सरळ, चकचकीत ओरखडे होते. ते नांगराच्या फाळाचे किंवा रोटाव्हेटरच्या पात्याचे. उलट, अखंड व न झाडलेल्या साडेसतरा मिलिमीटरच्या सहा गोळ्या एकाच कोपऱ्यात, सेंधव्याकडून येणाऱ्या जुन्या वाटेच्या अंगाला मिळाल्या, यावरून तिथे कधी तरी शिपायांचा तळ पडला असावा आणि पडतळ्यातून, म्हणजे काडतुसांच्या पट्ट्यातून, गोळ्या सांडल्या असाव्यात, एवढे म्हणायला मी तयार आहे. तळ हिस्लॉपचाच होता, असे म्हणायला नाही. कंपनीच्या पलटणी त्यानंतरही अनेक वर्षे याच वाटेने जात-येत होत्या.

एक इशारा येथेच द्यावासा वाटतो. लोखंडाचा मोठा, गोल, पोकळ गोळा लागला तर खुरपे तिथेच ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. हॉवित्झर तोफांचे गोळे आतून दारूने भरलेले असत, आणि दोनशे वर्षांनीही ती दारू निकामी झाली असेल असे गृहीत धरता येत नाही.

यंत्राच्या बांधणीविषयी फार बोलण्यासारखे नाही. दांड्याचे पेच महिनाभरात ढिले झाले आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे मध्ये घातल्यावर बसले. फेब्रुवारीत चकतीची तार मुळाशी तुटली. विक्रेत्याने परत घेण्याची मुदत संपल्याचे कळवले, हमीपत्राचा फोटो मागितला आणि तो पाठवल्यावर उत्तर देणेच थांबवले. शिरपुरात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने शंभर रुपयांत ती डाख देऊन जोडली आणि वर मेणकापडाची पट्टी गुंडाळून दिली, ती अजून टिकून आहे. सेल तीन सकाळी पुरतात. सोबत आलेला हेडफोन कानाला टोचतो, मोबाइलचा वापरावा.

मग घ्यावे का? गडकिल्ल्यांवर फिरवण्यासाठी कोणी घेत असेल, तर घेऊ नये, कारण तिथे ते बेकायदेशीर आहे. आपल्या शेतात कुतूहलापोटी गोळ्या शोधायच्या असतील आणि पाच-सहा हजार आणखी घालता येत असतील, तर ग्राउंड बॅलन्स असलेले यंत्र घ्यावे. हेच घ्यायचे झाले, तर नुकतीच नांगरट झालेल्या आणि एक पाऊस पडलेल्या जमिनीवर, हळू, चकती मातीला जवळजवळ घासत फिरवावे आणि चार इंचांच्या खाली काय आहे याची आशा धरू नये. पाचपैकी मी त्याला अडीच देईन. त्यातला दीड इतिहासाचा, आणि उरलेला एक ज्येष्ठातला: बांधावरच्या त्याच शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची पिन वखरणी करताना वावरात पडली होती, पेरणी खोळंबली होती, आणि हे यंत्र नेऊन त्याने ती वीस मिनिटांत शोधून काढली. परत आणून देताना तो सेलच्या कप्प्याचे झाकण मात्र हरवून आला, म्हणून सध्या तिथे रबर लावले आहे.